टाकी शेवटी येते



ज्यांच्या स्मरणार्थ वाचनालयाची ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी मला नववीत भूगोल शिकवला. दिवाळीच्या सुट्टीत ते एकच अभ्यास द्यायचे: आपल्या खाडीचा नकाशा काढून आणा. ओहोटीच्या वेळी वही-पेन्सिल घेऊन जायचे. डोलीच्या जाळ्यांचे खुंट कुठे ठोकलेत, होड्या कुठे ओढून ठेवतात, बायका कालवे काढायला कुठल्या खडपावर बसतात, तिवरे कुठवर आलेत, हे पावलांनी मोजून लिहायचे. ज्याने पाणी नुसते निळे रंगवून आणले, त्याची वही परत यायची. माझी दोनदा परत आली.

पुढे मी इंजिनिअर झालो आणि ३४ वर्षे नोकरी केली, ती सगळी गॅसच्या टाक्यांभोवती. जहाजातून आलेला एलपीजी उतरवून घ्यायचा, साठवायचा, वाहिनीत किंवा टँकरमध्ये सोडायचा. म्हणजे मी आयुष्यभर ताटावर बसणाऱ्यांच्या बाजूला होतो. वाढणाऱ्यांची बाजू कशी असते, हा गॅस जहाजात भरतात ते ठिकाण कसे उभे राहते, हे पाहायची इच्छा निवृत्तीनंतर पुरी झाली. आज बोलणार आहे ते त्या एका ठिकाणाबद्दल. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या किनारपट्टीच्या उत्तर टोकाला प्रिन्स रूपर्ट नावाचे बंदर आहे. त्याच्या शेजारच्या रिडली बेटावर २०१९ साली कॅनडातले पहिले सागरी प्रोपेन निर्यात टर्मिनल सुरू झाले.

इतक्या दूरच्या बंदराशी आपला संबंध काय, असे वाटेल. आपल्या देशात वर्षाला सुमारे ३ कोटी टन एलपीजी लागतो आणि त्यातला साठ टक्क्यांच्या आसपास बाहेरून येतो. घरी आलेल्या दर पाच सिलिंडरांपैकी तिनांतला गॅस समुद्र ओलांडून आलेला असतो, बहुतेक आखाती देशांतून, होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून. माझ्या आईने गॅससाठी नंबर लावला तेव्हा मी शाळेत होतो. जोडणी मिळाली तेव्हा कॉलेजात. आज नंबर लावला की दोन-चार दिवसांत सिलिंडर दारात येते. कुठल्या तरी किनाऱ्यावर कुणी तरी तो गॅस जहाजात भरला, म्हणून ते येते. मग तो किनारा कसा निवडला गेला, हे कळायला नको का?

गोष्ट सुरू होते समुद्रापासून रेल्वेने सुमारे दीड हजार किलोमीटर आत, अल्बर्टात. तिथे नैसर्गिक वायूच्या विहिरी आहेत. वायूबरोबर एलपीजीचे घटक, प्रोपेन आणि ब्युटेनही वर येतात. ते वेगळे काढावेच लागतात, आणि मुख्य वायू हवा असेल तर हे थांबवता येत नाहीत. ताक हवे असले तरी लोणी निघतेच, तसे. पूर्वी हा प्रोपेन कोचीन नावाच्या वाहिनीतून अमेरिकेच्या मध्य भागात जायचा. २०१४ मध्ये त्या वाहिनीचा प्रवाह उलटा करून तिच्यातून दुसरेच द्रव कॅनडाकडे आणायला सुरुवात झाली. प्रोपेनची वाट बुजली. २०१५ च्या उन्हाळ्यात एडमंटनच्या बाजारात प्रोपेनचा भाव शून्याच्या खाली गेला. विकणारा पदरचे पैसे देऊन म्हणत होता, घेऊन जा. त्याच वेळी जपानमध्ये कोट्यवधी घरांत प्रोपेनवर भात शिजत होता आणि त्याचे चांगले पैसे मोजले जात होते. मधे होते पर्वत, एक रेल्वेमार्ग आणि पॅसिफिक महासागर.

ही रेल्वेही जुनी हौस आहे. ग्रँड ट्रंक रेल्वेचे प्रमुख चार्ल्स हेज यांनी व्हँकुव्हरला तोडीस तोड बंदर उभे करायचे ठरवून रूळ थेट प्रिन्स रूपर्टपर्यंत न्यायला घेतले. नैसर्गिक खोल बंदर, हिवाळ्यात न गोठणारे, आणि आशियाला जवळ. १९१२ च्या एप्रिलमध्ये ते लंडनहून परतताना टायटॅनिकवर होते, बुडाले. रूळ १९१४ मध्ये पुरे झाले, पण गाव अनेक दशके मासेमारी आणि लाकडावर जगले. पाऊस मात्र भरपूर. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या पुढे. मी छत्री घेऊन उतरलो तेव्हा रत्नागिरीच्या स्टँडवर उतरल्यासारखे वाटले, फक्त थंडी वाजत होती.

अंतराचा हिशेब साधा आहे. प्रिन्स रूपर्टहून जपानला जहाज दहाएक दिवसांत पोचते. अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावरून पनामा कालव्यातून जायचे तर पंचवीसएक दिवस, आणि तेही कालव्यात जागा मिळाली तर. २०२३ मध्ये दुष्काळाने गातून सरोवराचे पाणी खाली गेले, कालव्यातून जाणाऱ्या जहाजांची संख्या कमी करावी लागली आणि गॅसवाहू जहाजे खोळंबली. भाडी वाढली. त्या वर्षी रिडली बेटाची किंमत सगळ्यांना कळली.

आता टर्मिनल म्हणजे नेमके काय ते जवळून सांगतो, कारण बाहेरून फक्त टाकी दिसते.

प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो. त्याहून थंड ठेवला की साध्या दाबाखाली द्रव राहतो आणि वायूच्या मानाने सुमारे २७० पट कमी जागा घेतो. रेल्वेच्या वाघिणीत मात्र तो हवेच्याच तापमानाला, दाबाखाली द्रव असतो. मी प्रिन्स रूपर्टजवळच्या स्कीना नदीच्या काठाने मोटारीतून जात होतो. एका बाजूला महामार्ग, त्याला लागून रूळ, पलीकडे नदी. समोरून टाकीच्या वाघिणींची लांबच लांब गाडी आली. प्रत्येकीच्या अंगावर लाल चौकटीत आकडा होता, १०७५. मी सोबतच्या माझ्या मुलीला म्हटले, हा आकडा मला तोंडपाठ आहे. आपल्या मुंबई-गोवा महामार्गावर गॅसचा टँकर पुढे असला की त्याच्या पाठीवर हाच आकडा असतो. एलपीजीचा तो जगभरचा क्रमांक.

रिडली बेटावर सुरुवातीच्या आखणीप्रमाणे रोज अशा पन्नास-साठ वाघिणी रिकाम्या करायच्या होत्या. प्रोपेनच्या वाघिणीला खाली तोटी नसते. सगळ्या झडपा वर, घुमटाखाली. माणूस वरच्या पुलावर चढतो, द्रवाच्या दोन झडपांना आणि वाफेच्या एका झडपेला नळ्या जोडतो. मग वरून वाफेचा दाब देऊन द्रव बाहेर ढकलतात. शेवटी उरलेली वाफही ओढून घेतात. एका वाघिणीत सातशेएक बॅरल, म्हणजे दिवसाला ४० हजार. तो द्रव थंड करून ६ लाख बॅरलच्या एका टाकीत जातो. दोन आठवड्यांच्या गाड्या साठल्या की एक मोठे जहाज भरते. त्या एका जहाजात आपल्याकडची १४.२ किलोची तीस लाखांहून अधिक सिलिंडरे भरतील इतका प्रोपेन असतो.

अशा टाक्यांमधली एक गोष्ट मला कायम आवडत आली आहे. पोटात उणे ४२ अंशांचा द्रव असतो, म्हणून पायाखालची जमीन हळूहळू गोठते. मातीतले पाणी बर्फ होऊन फुगते आणि अख्खी टाकी उचलली जाऊ शकते. म्हणून टाकीच्या तळाखाली उष्णता देणाऱ्या तारा घालतात, नाही तर टाकी खांबांवर उभी करून खालून हवा खेळती ठेवतात. मी नोकरीत असताना रात्रपाळीला त्या तळाचे तापमान नोंदवायचो. आजारी माणसाचे पाय गार पडलेत का, हे बघावे तसे.

पण हे सगळे काम माहितीतले आहे. पैसे असले, माणसे असली की टाकी उभी राहते. रिडली बेटावरचे टर्मिनल साधारण दोन वर्षांत उभे राहिले: २०१७ च्या जानेवारीत निर्णय, २०१९ च्या मेमध्ये पहिले जहाज जपानला रवाना. इतके लवकर का झाले? कारण जागा आधीच मोडलेली होती. रिडली बेटावर १९८४ पासून कोळशाची निर्यात चालते. धान्याचे टर्मिनल आहे. रुळांचे वळण होते, खोल पाण्याचा धक्का होता आणि तोच धक्का भाड्याने वापरायचे ठरले. नवे म्हणायचे तर टाकी, थंड करणारी यंत्रे आणि वाघिणी रिकाम्या करायचे फलाट. समुद्राला नव्याने हात लावावा लागला नाही.

याच्या हाकेच्या अंतरावर दुसरे बेट आहे, लेलू. तिथे मलेशियाच्या पेट्रोनास कंपनीला द्रवरूप नैसर्गिक वायूचे प्रचंड टर्मिनल बांधायचे होते. सगळा प्रकल्प ३६ अब्ज डॉलरचा आणि त्यात आपल्या इंडियन ऑइलचा दहा टक्के हिस्सा. लेलूच्या पुढे फ्लोरा बँक नावाची उथळ वाळूची पट्टी आहे. तिच्यावर समुद्रगवताचे कुरण आहे. स्कीना ही सामन माशाची कॅनडातली दुसऱ्या क्रमांकाची नदी. नदीतून खाली आलेली सामनची पिल्ले गोड्या पाण्यातून खाऱ्यात जाण्याआधी या गवतात थांबतात आणि अंग खाऱ्या पाण्याला सरावून घेतात. आपल्या खाडीत तिवरांच्या मुळांत कोळंबीची पिल्ले थांबतात, अगदी तसे.

तिथल्या त्सिमशियन मूळनिवासींपैकी लॅक्स क्वालाम्स या समाजाला कंपनीच्या बाजूने देऊ केले होते चाळीस वर्षांत मिळून एक अब्ज डॉलरहून अधिक. समाज साडेतीन हजारांच्या आसपास माणसांचा. २०१५ च्या मे महिन्यात सभा झाल्या. पहिल्याच सभेत विरोधात असणाऱ्यांनी उभे राहावे, असे सांगितल्यावर सगळी सभा उभी राहिली. पैसा नको, हे गवत हवे. पुढे प्रकल्पाच्या आखणीत बदल झाले, वाटाघाटी पुन्हा सुरू झाल्या, २०१६ मध्ये केंद्र सरकारने १९० अटी घालून मंजुरीही दिली. पण तोपर्यंत वायूचे भाव पडले होते. २०१७ च्या जुलैत कंपनीने बाजाराचे कारण देऊन प्रकल्प सोडला. ते कारण खरेच होते. पण ज्या वर्षांत भाव चांगले होते, ती वर्षे चुकीच्या जागेवरच्या वादात गेली, हेही तितकेच खरे आहे. एकाच वर्षी, एकाच खाडीत, एका प्रकल्पाचा निर्णय झाला आणि दुसरा बुडाला.

कुणी म्हणेल, तिथे आकाराचा फरक होता. म्हणून तिसरे उदाहरण देतो, ते मला सगळ्यांत बोलके वाटते. पेम्बिना ही कॅनडाची कंपनी. तिने २०१४ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात प्रोपेन निर्यातीचे टर्मिनल बांधायचे जाहीर केले. धक्का तयार होता. पण वाहिनी नदीकाठच्या ज्या पट्ट्यातून न्यायची, तो शहराने पर्यावरणासाठी राखून ठेवलेला होता. नियम बदलल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते. आधी बाजूने असलेले महापौर चार्ली हेल्स यांनी २०१५ च्या मेमध्ये पाठिंबा काढून घेतला आणि कंपनीला शेवटी माघार घ्यावी लागली. तीच पेम्बिना मग प्रिन्स रूपर्टला आली आणि वॉटसन बेटावर बसली. वॉटसन बेटावर कागदाच्या लगद्याची गिरणी होती, ती कधीच बंद पडलेली. माती दूषित, इमारती पडीक आणि जागा शहराच्या गळ्यात पडलेली. तिथे लहान जहाजांसाठीचे प्रोपेन टर्मिनल २०२१ मध्ये सुरू झाले. कंपनी तीच, माल तोच. बदलली ती जागा.

आता मी माझी चूक सांगतो.

आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर एका गॅस धक्क्याच्या कामावर मी तरुण इंजिनिअर होतो. ठिकाणाचे नाव घेत नाही. जहाजाच्या वाटेची आखणी माझ्या टेबलावर झाली. मी चार्ट उघडला, खोलीचे आकडे बघितले आणि सर्वांत कमी गाळ काढावा लागेल अशी रेघ ओढली. कागदावर ती सुंदर होती. जनसुनावणीला एक म्हातारे कोळी उठले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "साहेब, तुमच्या रेघेवर आमचे डोलीचे खुंट आहेत, आज्यापासूनचे. तुमचा नकाशा कधीचा?" मी नकाशाच्या कोपऱ्यातले साल बघितले आणि गप्प बसलो. नकाशा जुना होता हा खरा प्रश्न नव्हता. जाळी त्यावर कधीच नव्हती. खुंटांच्या त्या रांगा मी नववीत पावलांनी मोजल्या होत्या, आणि नोकरीत लागल्यावर पाणी पुन्हा निळे रंगवले होते. पुढे रेघ बदलली. भरपाईचे वाटप एकदा चुकले, दुसऱ्यांदा करावे लागले, आणि कोळ्यांचा एक अख्खा हंगाम गेला. तो परत देता येत नाही.

समुद्र मोजताना आपण आणखी एक गोष्ट विसरतो, ती पावसाळा. दाभोळला नैसर्गिक वायू उतरवण्याचे टर्मिनल २०१३ मध्ये सुरू झाले. टाक्या तयार, यंत्रे तयार. पण लाटा अडवणारा बांध पुरा नव्हता. म्हणून कित्येक वर्षे ते पावसाळ्यात बंद ठेवावे लागायचे. जूनचा समुद्र जहाजाला धक्क्याशी उभे राहू द्यायचा नाही. वर्षातले चार महिने कोट्यवधींची यंत्रे गप्प. टर्मिनल आयातीचे असो की निर्यातीचे, सगळ्यांत आधी लागते ते शांत पाणी.

आणि सगळ्यांत शेवटी ज्यांचा विचार होतो, ती माणसे टर्मिनलजवळ राहतच नाहीत. ती रुळांच्या कडेला राहतात. १० नोव्हेंबर १९७९ च्या रात्री टोरांटोजवळ मिसिसॉगा इथे मालगाडीच्या एका वाघिणीचे चाक तापून निखळले. प्रोपेनच्या वाघिणी फुटून आगीचे लोळ उठले, शेजारी क्लोरीनची वाघीण होती. दोन लाखांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. एकही माणूस मेला नाही, हे त्या शहराच्या यंत्रणेचे मोठे यश. पण पाच वर्षांनी मेक्सिकोत सान हुआनिको इथे एलपीजी साठ्याचे स्फोट झाले तेव्हा कुंपणापासून शे-दीडशे मीटरवर घरे होती. पाचशेहून अधिक माणसे गेली. १९९७ मध्ये विशाखापट्टणमच्या रिफायनरीत एलपीजीच्या गळतीतून आग लागून पन्नासहून अधिक गेली. थंड करून साध्या दाबाखाली ठेवलेली टाकी गोल दाबटाकीपेक्षा कमी धोक्याची, हे मी अनुभवाने सांगतो. गळती झाली तरी द्रव सावकाश उकळतो, सगळा एकदम भडकत नाही. पण वाघीण दाबाखालीच असते. म्हणून मी स्कीनाच्या काठच्या एका छोट्या गावात चहा प्यायला थांबलो तेव्हा तिथल्या बाईंना विचारले, इथे आग विझवायला कोण येते? म्हणाल्या, गावातलीच माणसे, आपापली कामे टाकून. टर्मिनलच्या कागदांत या माणसांच्या प्रशिक्षणाचा आणि पंपांचा खर्च जमेस धरलेला असला पाहिजे. धक्क्याच्या गावाला मिळणाऱ्या पैशातला वाटा रुळांवरच्या गावांनाही मिळाला पाहिजे.

नोकऱ्यांचेही सांगून टाकतो, कारण प्रत्येक सभेत हाच प्रश्न येतो आणि त्याला बहुधा गोड उत्तर मिळते. टर्मिनल बांधताना शेकडो हात लागतात. चालवताना लागतात पन्नासच्या आसपास. रिडली बेटावर तेवढेच होते, आणि मी जिथे जिथे काम केले तिथेही थोड्याफार फरकाने तेवढेच. टाकीला माणसे लागत नाहीत, जागरूक माणसे लागतात. ज्याला कुणाला गॅसचे टर्मिनल गावात हवे असेल, त्याने हजार नोकऱ्यांच्या आशेने हो म्हणू नये. कर, भाडे, बंदराचे उत्पन्न आणि लेखी करार, हे मागावे आणि ते मागताना लाजू नये.

रिडली बेटावर आता आणखी मोठे काम सुरू आहे. २०२४ च्या मेमध्ये जुन्या टर्मिनलशेजारी नवे उभारायचा निर्णय झाला. ते रोज आणखी ५५ हजार बॅरल हाताळेल, आणि यावेळी भाड्याचा धक्का नाही, स्वतःची नवी जेट्टी. म्हणजे पहिल्यांदा टाळलेला समुद्राला हात लावण्याचा प्रश्न दुसऱ्यांदा समोर आला आहे. तो कसा सुटतो, हे मी जिवंत असेन तोवर बघणार आहे.

एक शेवटचे. वाचनालयाच्या मंडळींनी मला आज मानधन देऊ केले आहे. ते मी घेतो, आणि इथेच परत देतो. डेहराडूनच्या राष्ट्रीय जलालेखन कार्यालयाचा आपल्या किनाऱ्याचा ताजा चार्ट त्यातून मागवावा आणि वाचनालयाच्या भिंतीवर लावावा. येत्या दिवाळीच्या सुट्टीत हायस्कूलच्या मुलांनी ओहोटीला खाडीवर जावे, आणि त्या चार्टवर डोलीचे खुंट, कालवांची खडपे आणि तिवरांची हद्द पेन्सिलीने उतरवावी. पहिल्या दिवशी मी त्यांच्याबरोबर येईन. भरती-ओहोटीच्या वेळा मी काढून आणल्या आहेत. चिटणिसांकडे ठेवल्या आहेत.